म्हसोबाचा बरामदा

तात्यासाहेब पिशोरकरांनी जन्मात कधी शिंदीला तोंड लावलं नव्हतं. तोंडाचं सोडा, समोरून कुणी शिंदीचं गाडगं घेऊन आला तर ते उपरण्यानं नाक दाबून रस्ता बदलत, आणि गल्ली अरुंद असली तर त्या माणसाला रस्ता बदलायला लावत. अशा माणसावर औरंगाबादेत, पैठण दरवाज्याजवळच्या तिठ्यावर, शंभर लोकांसमोर शिंदीचा गडवा हातात धरायची पाळी आली. का आली म्हणाल, तर बायकोमुळं. आणि थोडी स्वतःच्या अकलेमुळं. पण अकलेचं कुणी कबूल करत नाही, म्हणून आपणही सध्या बायकोमुळं असंच धरून चालू.

निजाम सरकारच्या अदालतीत तात्यासाहेबांनी सारी उमर पेशकारी केली होती. मुन्सिफसाहेबांच्या बाजूला उभं राहून खटल्यांच्या मिसली वाचायच्या, हे काम. वाचून वाचून कायदा त्यांच्या अंगात असा मुरला होता, की घरी मांजरीनं दूध सांडलं तरी ते आधी गवाह मागत. नोकरी संपली, वजिफा घेऊन घरी बसले, पण हात स्वस्थ बसेना. तेवढ्यात त्यांना म्हसोबा सापडला.

म्हणजे म्हसोबा होताच. घरासमोरच्या तिठ्यावर दगडी चबुतरा आणि त्यावर शेंदूर फासलेला देव, तात्यासाहेबांच्या आज्याच्याही आधीपासून. पण पलीकडं रामकिसनचं शिंदीचं दुकान निघालं आणि दुकानातली गर्दी गाडगी घेऊन चबुतऱ्यावर येऊन बसायला लागली. पिणारे प्यायचे, रडायचे, गायचे, आणि गाता गाता तात्यासाहेबांच्या जोत्याला टेकून निजायचे. तात्यासाहेबांनी दरख्वास्त लिहिली. अशी खालिस उर्दू, की कचेरीत ती वाचायला दुसऱ्या कचेरीतून माणूस बोलवावा लागला म्हणतात. पाठपुरावा करकरून त्यांनी अधिकाऱ्यांना जेरीस आणलं, आणि एक दिवस दवंडी पिटली: शिंदी प्यायची ती दुकानाच्या आतच. रस्ता, पूल, चबुतरा, गल्ली, कुठंही उघड्यावर पिताना कुणी सापडला तर जुर्माना आणि हवालात.

तात्यासाहेबांनी गल्लीत पेढे वाटले. पोरीच्या बारशाला वाटले नव्हते एवढे.

पेढ्यांची चव तोंडात होती तोवरच द्वारकाबाईंनी पान वाढता वाढता विषय काढला.

"अहो, जेवताना सांगू नये, पण सांगते. मी म्हसोबाला नवस बोललेय."

"बरं केलंस. नारळ ना?"

"शिंदी."

तात्यासाहेबांचा घास ताटात परत गेला.

"सरूचं लेकरू वाचलं तर जावळाच्या दिवशी घरचा कर्ता तुझ्या पुढ्यात तुझा परसाद घेईल, असं बोललेय."

"घरचा कर्ता म्हणजे कोण?"

"आता ते पण मीच सांगायचं व्हय?" द्वारकाबाई म्हणाल्या आणि भात वाढायला आत गेल्या.

आता इथं हसण्यासारखं काही नाही, हे आधी सांगितलं पाहिजे. सरू ही त्यांची एकुलती एक लेक, सोयगावात दिलेली. तिची आधीची दोन लेकरं हाताला लागली नव्हती. तिसऱ्याच्या वेळी ती माहेरी आली ती वाळून काटकी होऊन. पोरगा झाला तेव्हा कुणाची नजर लागू नये म्हणून त्याचं नाव फकिरा ठेवलं. हातात घालायला सोन्याचं वळं असून नाव फकिरा! नवस फिटेपर्यंत त्याच्या डोक्याला कात्री लावायची नव्हती. केस वाढले, डोळ्यांवर आले, मग मानेवर आले. बाजारात बाया गाल ओढून म्हणायच्या, "किती गोड छोकरी!" आणि फकिरा त्यांच्या बांगड्या तोंडात घालायचा. वर्षाच्या आत जावळ झालं तर झालं, नाहीतर तिसऱ्या वर्षावर जाणार. आणि सोयगावहून सरूच्या सासूचा सांगावा आला होता: नवस फेडल्याबिगर पोर उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. वर्ष भरत आलं होतं.

तात्यासाहेब आधी गेले मनकर्णाबाईकडं. ती म्हसोबाची पूजा करायची, म्हातारी, बोलायला फटकळ. तात्यासाहेबांनी तिला मुन्सिफ समजून बाजू मांडली.

"शिंदीच्या ऐवजी दूध चालेल ना?"

"दुधाचा बोलला व्हता का नवस?"

"नाही, पण भावना..."

"देवाला भावना लई लोक देत्यात. शिंदी द्या."

"मग देवाला शिंदी वाहतो. मी नुसता नमस्कार करतो."

"अन् परसाद कोण घील? मी?" मनकर्णाबाईनं त्यांना खालून वर न्याहाळलं. "ओठ भिजवून चालायचं नाय तात्या. घोट घोटासारखा पायजे. देवाच्या पुढ्यात."

"पुढ्यात म्हणजे रस्त्यावर. रस्त्यावर मनाई आहे."

"कुणी केली?"

या प्रश्नावर तात्यासाहेबांनी चपला घातल्या.

शेजारचा चांदपाशा हिमरूच्या शाली विणायचा. मागावर बसून बसून त्याला जगातल्या सगळ्या गोष्टींवर सल्ला सुचत असे. सरूला सख्खा भाऊ नव्हता. ती लहानपणापासून भाऊबिजेला चांदपाशालाच ओवाळायची. त्यामुळं या प्रकरणात तो स्वतःला फकिऱ्याचा मामा आणि म्हणून पक्षकार समजत होता.

"तात्यासाब, फिकर नक्को करो. एलान में क्या बोले? दुकान के अंदर पीना. तो देव को दुकान में लेव."

"अरे, देव जमिनीत गाडलेला आहे."

"तो फिर दुकान को देव के पास लेव! हौ का नै?"

ऐकायला हे एवढं सरळ वाटलं की तात्यासाहेब फसले. पेशकार माणूस, शब्दात बसलं की जगात बसलंच, असा त्यांचा समज. ते रामकिसनकडं गेले आणि म्हणाले, तुझ्या दुकानाचा तट्टा एक दिवसापुरता चबुतऱ्यापर्यंत वाढव. रामकिसनचे डोळे लकाकले. दवंडी पिटल्यापासून त्याचं गिऱ्हाईक आत घुसमटत होतं. त्यानं तात्यासाहेबांचे पाय धरले, त्यांना दूरदृष्टीचे म्हणाला, आणि ते जेवून उठेपर्यंत बांबू रोवून मोकळा झाला. बांबू रोवता रोवता तो चबुतऱ्यापाशी थांबला नाही. शेवटचा बांबू तात्यासाहेबांच्या पायरीला लागला.

दुपारी तात्यासाहेब झोपून उठले आणि दार उघडलं, तर ते शिंदीच्या दुकानात होते. कायदेशीर. पायरीवर चौघं बसलेले, एक उंबऱ्याला डोकं टेकून गात होता. पाचव्यानं आत डोकावून द्वारकाबाईंना विचारलं, "माय, फुटाणे हैत का जरा?"

द्वारकाबाईंनी फुटाणे दिले नाहीत. केरसुणी दिली. मग तात्यासाहेबांनी स्वतःच्या हातानं एकेक बांबू उपटला, आणि रामकिसन मागून फिरत म्हणत राहिला, "पण मालक, तुम्हीच तर बोलला व्हता!" सारी गल्ली बघत होती. ज्यांना दवंडीनं हाकललं होतं ते सगळ्यात जास्त खूश होते.

आता राहिली सरकारदरबारी इजाजत. आबकारीचे नवे दारोगा नानासाहेब हे मराठी माणूस, सभ्य, मिशीला मेण लावणारे. त्यांनी तात्यासाहेबांना खुर्ची दिली आणि अर्जाचा कागद पुढं ओढला.

"पिणाऱ्याचं नाव?"

"म्हसोबा," तात्यासाहेब म्हणाले. रात्रभर विचार करून त्यांनी हा डाव काढला होता. पिणारा देव, आपण फक्त हजर.

दारोगांनी मिशीला हात लावला. "वल्दियत? बापाचं नाव?"

"मालूम नाही."

"पेशा?"

"देव."

"उम्र?"

"प्रौढ."

दारोगांनी कलम खाली ठेवलं. "तात्यासाहेब, देवाला सरकारची मनाई नाही. देवानं हवी तेवढी प्यावी. घोट तुम्ही घेणार, त्याची मनाई आहे. आणि हा हुकूम कुणाच्या दरख्वास्तीवर निघाला ते मी सांगू, की तुम्हीच सांगता?"

"मी तो लोकांसाठी मागितला होता. माझ्यासाठी नव्हे!"

"आज तुम्हाला सूट दिली तर उद्या साऱ्या शहराला नवस होतील."

बोलणं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते जास्त झोंबलं. उभ्या आयुष्यात तात्यासाहेबांनी हजारो लोकांना अदालतीच्या पायऱ्या उतरताना पाहिलं होतं, पण आपण उतरताना पायऱ्या एवढ्या उंच लागतात हे त्यांना माहीत नव्हतं.

घरी जाऊन बायकोला काय सांगायचं, या विचारात ते पाय नेतील तिकडं फिरत राहिले आणि दिवेलागणीला छावणीच्या बाजूला निघाले. तिथं साहेबलोकांचा एक क्लब होता. रस्त्याला लागून लांबलचक व्हरांडा, वेताच्या खुर्च्या, आणि खुर्च्यांत सगळा हाकीमवर्ग हातात पेले घेऊन, रस्त्याकडं तोंड करून बसलेला. जाणारे येणारे टांगेवाले वाकून सलाम करत होते आणि हे पेला उंचावून तो घेत होते. कडेच्या खुर्चीत दारोगा नानासाहेब बसले होते. मिशीचं मेण दिव्यात चमकत होतं.

तात्यासाहेबांनी फाटकावरच्या चपराशाला विचारलं, "काय रे बाबा, हे उघड्यावर नाही का?"

"नै हुजूर," तो बिचारा अदबीनं म्हणाला. "ये तो बरामदा है. ऊपर छत है, कुर्सियां हैं."

तात्यासाहेबांनी वर छताकडं पाहिलं. छत आणि खुर्ची! म्हणजे ज्याच्याकडं वेताची खुर्ची आहे त्याचा रस्ता घर होतो, आणि ज्याच्याकडं दगडाचा चबुतरा आहे त्याचा देवसुद्धा रस्त्यावर. आपल्या जोत्याला टेकून गाणाऱ्या एका माणसाला यांनी परवा पकडून नेलं होतं. तेव्हा आपल्याला बरं वाटलं होतं, हेही त्यांना आठवलं. ते तसं आठवायला नको होतं.

घरी आले तर सरू अंगणात फकिऱ्याला मांडीवर घेऊन बसली होती. पोर झोपलेलं, आणि तिनं त्याच्या नाकापुढं तळहात धरलेला. श्वास लागतोय का बघत होती.

"रोज बघतेस असं?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"तात्या, दोन गेली माझी," सरू म्हणाली. "आईनं नवस बोलला अन् हे राहिलं. नवसानं राहिलं का कशानं, मला काय कळतंय? पण देणं ठेवून मी याला कशी घेऊन जाऊ?"

 तात्यासाहेबांनी पोराच्या डोळ्यांवरचे केस बोटानं बाजूला केले. केस लगेच परत आले.

"सोमवारी जावळ," ते म्हणाले. "न्हाव्याला सांगावा धाडा."

आणि मग दारोगांना त्यांनी आपल्या त्याच खालिस उर्दूत निमंत्रण पाठवलं: सोमवारी सकाळी तिठ्यावर मी सरकारच्या हुकुमाच्या हद्दीत राहून शिंदी पिणार आहे, तरी तशरीफ आणावी.

सोमवारी तिठ्यावर बघण्यासारखं होतं. रामकिसनचेच उपटलेले बांबू चबुतऱ्याच्या चार कोपऱ्यांना उभे, त्यावर चांदपाशानं आपली सगळ्यात भारी हिमरूची शाल छत म्हणून ताणलेली. खाली म्हसोबा. शेजारी तात्यासाहेबांची बैठकीतली खुर्ची, तिच्यापुढं तिपाई, तिपाईवर शिंदीचा गडवा. तात्यासाहेब अंगात शेरवानी, डोक्यावर दस्तार घालून खुर्चीत बसलेले. चांदपाशा कमरेला लाल पट्टा बांधून दाराशी उभा. दार नव्हतंच, पण तो दाराशी उभा होता. मांडीवर फकिरा घेऊन मामानं बसायचं असतं, म्हणून मधून मधून तो बसायचा आणि दारोगा आले का बघायला परत उठायचा.

दारोगा आले. बरोबर मुबारक नावाचा जवान होता, पूर्वी अदालतीत शिपाई असलेला.

"हा काय प्रकार आहे?"

"बरामदा," तात्यासाहेब बसल्या जागेवरून म्हणाले. "वर छत आहे, खाली खुर्ची आहे, चपराशी आहे. छावणीत पाहून आलो, तसाच केलाय. कडेची खुर्ची कुणाची होती, ते मात्र आठवत नाही. आठवायचं का?"

गर्दीत पहिल्यांदा एकजण हसला, मग सगळे. "आठवा की तात्यासाहेब!" मागून कुणीतरी ओरडलं. दारोगांचे कान लाल झाले. त्यांनी शालीकडं पाहिलं, खुर्चीकडं पाहिलं, लोकांकडं पाहिलं. मग त्यांना स्वतःलाच हसू फुटलं. माणूस वाईट नव्हता.

"ठीक आहे," ते म्हणाले. "बरामदा. उघड्यावर नाही. हुकूम लागू होत नाही. घ्या तुमचा प्रसाद."

तात्यासाहेब जिंकले होते. आयुष्यभर दुसऱ्यांचे निकाल वाचले, आज स्वतःचा ऐकला. त्यांनी शेरवानीचं वरचं बटण नीट केलं आणि गडव्याला हात घातला. तेवढ्यात निवदाचं ताट घेऊन मनकर्णाबाई गर्दीतून पुढं आली आणि जागीच थबकली.

"हे कुणी घातलं देवाच्या डोईवर?"

"छत आहे ते. कायद्यासाठी."

"म्हसोबाला छप्पर चालत नाय! माझ्या सासऱ्यानं घातलं व्हतं, त्या सालात आमचं बैल बसलं. देव आभाळाखालचा हाय. छताखाली निवद बी घेत नाय अन् नवस बी फिटत नाय. इचारा कुणाला बी."

कुणाला विचारायची गरज नव्हती. सगळे म्हातारे माना डोलवत होते. चांदपाशा म्हणाला, "मेरे को क्या मालूम, मैं तो साया किया," आणि केविलवाणा होऊन शालीकडं बघत राहिला.

तात्यासाहेबांच्या ध्यानात सगळं आलं. छत ठेवलं तर सरकार खूश आणि देव नाही. छत काढलं तर देव खूश आणि सरकार नाही. कलमाला कलम लावून दोन्ही जुळतील अशी वाट त्यांनी शोधली. जन्मभर शोधत आले होते. पण न्हाव्याचा वस्तरा हवेत थांबलेला होता, फकिरा मामाच्या मांडीवर केसांतून टुकूटुकू बघत होता, आणि सरू पदराचं टोक दातात धरून उभी होती. 

तात्यासाहेब खुर्चीतून उठले. त्यांनी एका बांबूची दोरी सोडली. मग दुसऱ्या.

"तात्यासाहेब," दारोगा हळू आवाजात म्हणाले, "राहू द्या ते छत. मी सूट दिलीय तुम्हाला."

"तुम्ही दिलीत. देवानं नाही दिली."

शाल खाली आली. म्हसोबावर ऊन पडलं.

दारोगा जवळ आले, आणखी हळू बोलले. "मी पाठ फिरवतो. तेवढ्यात घोट घ्या. मी काही पाहिलं नाही."

"नको!" तात्यासाहेब एवढ्या मोठ्यानं ओरडले की दोन कावळे उडाले. "चोरून फेडलेला नवस मला या पोराच्या नावावर नको. इकडं तोंड करा, दारोगासाहेब. नीट बघा. हा बरामदा नाही. हा रस्ता आहे. वर आभाळ आहे, समोर देव आहे, हुकूम माझा, दरख्वास्त माझी आणि गुन्हाही माझाच. लिहून घ्या!"

आधी त्यांनी म्हसोबावर धार धरली. मग उभ्यानं, दस्तार न काढता, गडवा तोंडाला लावला. घोटासारखा घोट म्हणाली होती म्हातारी. तात्यासाहेबांनी गडवा रिकामा केला. नासक्या ताकासारखी आंबट शिंदी नाकात गेली, मिशीवरून शेरवानीवर सांडली, डोळ्यांत पाणी आलं, पण खाली ठेवला तेव्हा गडव्यात थेंब नव्हता.

"फिटला!" मनकर्णाबाई म्हणाली.

"म्हसोबाच्या नावानं चांगभलं!" सगळा तिठा ओरडला. त्यात सगळ्यात मोठा आवाज हवालातीतून सुटून आलेल्या त्या गाणाऱ्याचा होता.

दारोगांनी खाली मान घातली आणि मुबारकला खूण केली. दुसरं करणार काय? एवढ्या लोकांदेखत बघा म्हणून सांगितलेलं त्यांना न बघितलेलं करता येईना. मुबारकनं बेडी काढली नाही. "चलो हुजूर," एवढंच म्हणाला आणि तात्यासाहेबांच्या मागं दोन पावलं अंतर ठेवून चालायला लागला, पूर्वी अदालतीत चालायचा तसा. तात्यासाहेब ताठ चालले होते. निदान त्यांना तसं वाटत होतं. रस्ता मात्र थोडा डावीकडं सरकत होता. द्वारकाबाई मागून म्हणाल्या, "अहो, दुपारचा डबा धाडते, तिथलं काही खाऊ नका!"

कोपऱ्यावर वळले आणि पाठीमागून किंकाळी आली. न्हाव्यानं वस्तरा लावला होता. फकिऱ्यानं असा टाहो फोडला, की आधी भोकाड, मग श्वास अडकला, मग त्याच्या दुप्पट भोकाड. सारी गल्ली दणाणली.

"मुबारक, थांब."

"क्या हुवा हुजूर? तबियत?"

"तबियत ठीक आहे. ऐक जरा."

दोघं भर रस्त्यात उभे राहिले. पोर रडतच होतं. दम न घेता, सगळ्या जगावर रागावून.

"जोर का रोतै जी बच्चा," मुबारक म्हणाला.

"माझा नातू आहे," तात्यासाहेब म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. "चल आता. कुठं न्यायचं तिथं ने."